रात्री दोनला हितं कोण असतंय?

सहकारी संस्थांच्या सचिवांना संगणक शिकवायला येणारी मंडळी हल्ली एक वाक्य हमखास ऐकवतात: जुना कॉम्प्युटर भंगारात घाला, आता सगळं क्लाउडवर असतं. नेसरी आणि आसपासच्या गावांत हे इतक्या वेळा बोलून झालंय की संस्थांच्या डोक्यात ते मंजूर ठरावासारखं बसलंय. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवर डेटाबेसचा आणि वेबसाइटचा आपोआप बॅकअप लावू म्हणणारा माणूस त्यामुळे एक तर कंजूष ठरतो, नाही तर हौशी. तो माणूस मी आहे. दोन्ही शिव्या मान्य करूनही माझं म्हणणं असं की या मंडळींचा युक्तिवाद मुळात कच्चा आहे.

त्यांच्या बोलण्यात तीन दावे एकमेकांत गुंतलेले असतात. जुन्या मशीनला हे काम झेपत नाही, हा एक. डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेला की आपली काळजी मिटली, हा दुसरा. जुन्या मशीनवर लावलेला आपोआप बॅकअप प्रत्यक्षात चालतच नाही, हा तिसरा. पहिले दोन चूक आहेत. तिसरा बऱ्याचदा खरा निघतो, पण त्यांनी सांगितलेल्या कारणामुळे नव्हे.

झेपण्याचं आधी बघू, कारण ते पाटीवर मांडून बघता येतं. नेसरीसारख्या गावातली मध्यम आकाराची दूध संस्था धरा. तीनशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं संकलन. दिवसाला 600 नोंदी, वर्षाला 2,19,000. एका नोंदीत काय असतं? तारीख, वेळ, सभासद नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. सढळ हाताने धरलं तरी शंभर बाइट. म्हणजे वर्षाचा सगळा पसारा 22 एमबीच्या आसपास, दहा वर्षांचा 220 एमबी. इंडेक्स आणि बाकीची तक्ती धरून हे तिप्पट करा हवं तर. मोबाइलवर काढलेल्या वरातीच्या पाच-दहा मिनिटांच्या व्हिडिओलाही एवढी जागा लागते. ज्या मशीनला म्हातारं म्हणून बाजूला बसवायचं चाललंय, त्यात किमान 160 जीबीची डिस्क आहे आणि तिचा निम्मा भाग जुन्या गाण्यांनी भरलाय. एवढा डेटा गुंडाळून ठेवायला त्या म्हाताऱ्याला एखादं मिनिट लागतं. उरलेल्या वेळात तो पंखा फिरवत बसतो.

विजेचाही बाऊ करतात. जुना डेस्कटॉप शंभर वॉट खातो असं धरून तो रोज एक तास जास्त चालला, तर वर्षाला साडेछत्तीस युनिट होतात. वार्षिक सभेच्या चहाचं बिल यापेक्षा मोठं असतं.

तेव्हा ताकदीचा मुद्दा इथेच संपला. बॅकअप हे जोर लावायचं काम नाही, रोज न चुकता करायचं काम आहे. ते बिघडतं कुठे, हे बघायचं तर मशीनचं वय विचारून उपयोग नाही. ते कधी चालू असतं हे विचारलं पाहिजे.

इंटरनेटवरचा कुठलाही धडा उघडा, बॅकअपची वेळ रात्री दोन दिलेली असते. ज्यांचे सर्व्हर चोवीस तास चालतात आणि ज्यांचे ग्राहक रात्री दोनला झोपलेले असतात, त्यांच्यासाठी ती वेळ उत्तम आहे. आपल्याकडे कुणी तरी हुशार मुलगा येतो, टास्क शेड्युलरमध्ये तीच वेळ घालतो, "झालं सर" म्हणतो आणि मोटरसायकलला किक मारतो. रात्री दोनला संस्थेचं शटर खाली असतं. सचिव जाताना मेन स्विच पाडून गेलेला असतो, कारण वळवाच्या दिवसांत वीज कडाडली की मदरबोर्ड जळतात आणि हे त्याला कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा चांगलं माहीत असतं. एका सचिवाने मला विचारलेला प्रश्न या विषयावरच्या अनेक व्याख्यानांपेक्षा भारी होता: "सर, रात्री दोनला हितं कोण असतंय?"

कोणी नसतं. म्हणून बॅकअप होत नाही. मशीन 2011 चं असलं काय नि काल खोक्यातून काढलेलं असलं काय, बंद मशीन बॅकअप घेत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. वेळ संस्थेच्या दिवसावरून ठरवायची. संध्याकाळचं संकलन संपतं, शेवटची किटली रिकामी होते, बेरीज जुळते, टेम्पो निघतो. त्यानंतर दुधाचं मशीन धुणं, हिशेब मिटवणं यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास बॅकअपचा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये आणखी एक खूण असते: ठरलेली वेळ हुकली तर पुन्हा संधी मिळताच काम उरकून घे, अशा अर्थाची. ती मुळात बंद असते आणि फारसं कुणी ती चालू करत नाही. ती एक टिचकी मारली तर संध्याकाळी लाइट गेल्यामुळे राहिलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी पहाटे, सकाळच्या संकलनाला मशीन सुरू झालं की आपोआप होतो. लिनक्समध्ये हीच अडचण ओळखून ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या जोडीला अॅनाक्रॉन आला. क्रॉन सतत जाग्या मशीनसाठी, अॅनाक्रॉन आपल्यासारख्या झोपणाऱ्या मशीनसाठी. म्हणजे लाइट जाणं, मशीन बंद असणं ही काही नेसरीची खासियत नाही. जगभरच्या लोकांना ही अडचण भेडसावली आणि त्यांनी तिच्यावर तोड काढून ठेवलीय. आपण ती वापरत नाही, एवढंच.

विंडोजच्या टास्क शेड्युलरच्या त्याच खिडकीत आणखी दोन फास आहेत. लॅपटॉप किंवा यूएसबीने जोडलेला यूपीएस असेल तर लाइट गेल्यावर विंडोज समजतं की आपण बॅटरीवर आहोत. बॅटरीवर असताना काम सुरू करू नको, ही खूण मुळातच चालू असते. आणि दुसरं, वापरकर्ता लॉगइन असो-नसो काम चालव असं सांगितलं तर विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं. दिवाळीनंतर नवा सचिव येतो, जबाबदारीने पासवर्ड बदलतो आणि त्या रात्रीपासून बॅकअप गुपचूप बंद पडतो. लाल दिवा लागत नाही, घंटी वाजत नाही.

जुन्या मशीनचा म्हणून एक खरा दोष मला मोठा वाटतो आणि तो सांगायला हे प्रशिक्षक विसरतात. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते, सीआर2032. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. पाच-सात वर्षांनी ती संपते. मग मेन स्विच पाडला की मशीन तारीख विसरतं आणि सकाळी उठून 1 जानेवारी 2009 सांगतं. सचिवाला हे कळत नाही, कारण डेअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख तो हाताने टाकतो. पण बॅकअपची फाइल मशीनच्या तारखेच्या नावाने तयार होते. रोज तीच तारीख, म्हणून रोज तेच नाव, म्हणून रोजची नवी फाइल कालच्या फाइलच्या डोक्यावर बसते. महिनाभराने फोल्डर उघडला तर आत एकच फाइल. वरून वेबसाइटचा बॅकअप ओढायला गेलं तर सर्व्हरचं प्रमाणपत्र "अजून लागू झालेलं नाही" म्हणून जोडणीच नाकारली जाते, कारण 2009 साली ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं. एवढ्या सगळ्या घोळाचं औषध घड्याळजीच्या दुकानात मिळतं, एका वडापावच्या प्लेटच्या किमतीत. इथे मशीन भंगारात घालायचा सल्ला देणारा माणूस फार तर विक्रेता असू शकतो.

आता वेबसाइटचं बघू. गावागावांत वाचनालयांनी, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी, तरुण मंडळांनी वेबसाइटी काढल्यात. बहुतेक वर्डप्रेसवर. नेसरीचं नाव घेतलं की प्रतापराव गुजर आले, 24 फेब्रुवारी 1674 ची त्यांची लढाई आली, खिंडीजवळचं स्मारक आलं. त्यामुळे इथल्या वेबसाइटवर स्मारकाचे फोटो, जुन्या कार्यक्रमांच्या पत्रिका, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असं काही ना काही असतंच. ते दुसरीकडे कुठे नसतं. "आम्ही बॅकअपचं प्लगइन टाकलंय, रोज रात्री आपोआप होतं" असं तिथली मुलं छातीठोकपणे सांगतात. वर्डप्रेसचं आतलं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वेबसाइटवर कुणी आलं की वर्डप्रेस जागं होतं, कुठली कामं राहिलीत बघतं आणि उरकतं. रोज हजारो लोक येतात तिथे हे झकास चालतं. आपल्या वाचनालयाच्या साइटवर आठवड्यात चार जण आले, त्यातले दोन समितीचेच, तर रोजचा बॅकअप आठवड्यातून जेमतेम दोन-तीनदा होतो. कधी तोही नाही. आणि झालेला बॅकअप पडून राहतो त्याच सर्व्हरवर, ज्याच्या नाहीसा होण्याची आपल्याला धास्ती आहे.

इथे तो टाकाऊ ठरवलेला कॉम्प्युटर नेमका कामाला येतो. त्याने रोज संध्याकाळी ठरल्या वेळी स्वतः सर्व्हरवर जावं, डेटाबेसचा डम्प, म्हणजे पूर्ण नक्कल, काढावा, फोटोंच्या फोल्डरमधलं जे नवं असेल तेवढंच ओढून आणावं. यासाठी लागणारं आरसिंक हे साधन 1996 पासून आहे आणि त्या काळातली मशीनं आपल्या म्हाताऱ्याच्या पासंगालाही पुरत नव्हती, इतकी दुबळी होती. नुसत्या फाइली आणून भागत नाही, हे मात्र ठणकावून सांगायला हवं. वर्डप्रेसचे लेख फाइलींत नसतात, डेटाबेसमध्ये असतात. फक्त फाइली उतरवून निर्धास्त झालेल्याच्या हाती वेळ आल्यावर फोटो लागतात आणि मजकूर एक ओळही नाही.

दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरबाबतही अशीच एक समजूत आहे. चालू डेटाबेसची फाइल उचलून पेन ड्राइव्हवर टाकली की बॅकअप झाला. सॉफ्टवेअर उघडं असताना, नोंदी चालू असताना केलेली अशी नक्कल अर्धी कालची, अर्धी आजची असू शकते. ती उघडेल याची खात्री नाही. डेटाबेसला त्याच्याच भाषेत सांगून बॅकअप काढावा लागतो. मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएलडम्प आहे. एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती असेल तर तिच्यात वेळापत्रक सांभाळणारा एजंट दिलेलाच नाही. म्हणून लोक म्हणतात, आपोआप करायचं तर विकतची आवृत्ती घ्या. ही शुद्ध दिशाभूल. दोन ओळींची बॅच फाइल, तीत एसक्यूएलसीएमडीची आज्ञा आणि ती चालवायला विंडोजचंच टास्क शेड्युलर. एवढ्यावर भागतं.

दुसऱ्या दाव्याकडे येतो. क्लाउड. इथे माझ्या विरोधकांची भिस्त फक्त विश्वासावर आहे आणि त्या विश्वासाला तडे गेल्याचे दाखले जाहीर आहेत.

गिटलॅब ही प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी नावाजलेली कंपनी. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसायची आज्ञा दिली. चूक लक्षात येईपर्यंत 300 जीबीच्या आसपासचा डेटा जवळजवळ सगळा गेला होता. चूक माणसाची होती, ती कुणाच्याही हातून होते. खरी गंमत पुढची. त्यांच्याकडे बॅकअपचे बरेच मार्ग होते, एकावर एक. रोजचा आपोआप डम्प पाहायला गेले तर फोल्डर रिकामा. डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम 9.2 चा. रोज तो नापास होत होता. नापास झाल्याची ईमेल जायची, पण ती पत्रं पलीकडच्या मेल सर्व्हरकडून नाकारली जात होती, म्हणून कुणाच्या हाती पडलीच नाहीत. शेवटी तारलं कुणी? एका अभियंत्याने सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हाताने काढून ठेवलेल्या एका नकलेने. सहा तासांचं काम कायमचं गेलं. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगापुढे मांडलं, याबद्दल तिला सलामच. पण मला सांगा, इथे कोणतं मशीन जुनं होतं?

मार्च 2021 च्या 10 तारखेला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. बॅकअपचे वेगळे पैसे मोजणाऱ्या काही ग्राहकांना त्यानंतर कळलं की त्यांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता. त्यातला एक ग्राहक कोर्टात गेला, 2023 मध्ये जिंकला, एक लाख युरोंहून जास्त भरपाईचा निकाल मिळवला. निकाल मिळाला, डेटा नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारी डेटा सेंटरला डेजॉन शहरात आग लागली, तेव्हा सरकारी नोकरांच्या सामायिक ऑनलाइन कपाटातला 858 टेराबाइट डेटा गेला. कारण डेटा फार मोठा म्हणून त्याची दुसरीकडे नक्कलच ठेवलेली नव्हती. जगातल्या सगळ्यात पुढारलेल्या देशांपैकी एक, त्याचं हे सरकार. आपल्या मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी लागलेली आग अजून लोकांच्या आठवणीत आहे. किती फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे, हा प्रश्न तेव्हा धूर निघत असतानाच सगळ्यांच्या तोंडी होता. कागदाचं दुखणं होतं ते, कॉम्प्युटरचं नव्हतं. पण दुखणं तेच.

यावर उत्तर येतं: अहो, सरकारने विकास सेवा संस्थांच्या संगणकीकरणाची योजनाच आणलीय. खरं आहे. केंद्राने जून 2022 मध्ये देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांसाठी, म्हणजे याच सेवा संस्थांसाठी, 2,516 कोटींची योजना मंजूर केली, नाबार्डच्या देखरेखीखाली एकच सॉफ्टवेअर, डेटा मध्यवर्ती ठिकाणी. चांगली योजना आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण एक तर ती सेवा सोसायट्यांसाठी आहे. दूध संस्था, वाचनालय, शाळा, तरुण मंडळ यांचं काय? आणि दुसरं, मध्यवर्ती सर्व्हर सुरक्षित असणं वेगळं आणि सभासदाचं खातं चुकीच्या नोंदीने बिघडल्यावर मागच्या मंगळवारची स्थिती आपल्या हातात असणं वेगळं. चुकीची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवरही इमानेइतबारे चुकीचीच साठते.

सिंकचं तेच. डेटाचा फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडला म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे खूप आहेत. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. इथली बिघडली की बिघडलेलीच वर जाते. काही दिवस कचरापेटीत सापडेल, पण चूक कधी लक्षात येते? दूध धंद्यात ती बिल निघाल्यावर, म्हणजे दहा दिवसांनी लक्षात येते. वाईट वेळ आली तर वर्षाचा फरक काढायच्या वेळी, दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा वर्षभराचं लिटर लागतं आणि कुण्या मावशींची चैत्रातली पावती पदराच्या गाठीत असते नि संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये शून्य. म्हणून रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा नकला वेगवेगळ्या ठेवायच्या. वर हिशेब मांडला आहेच. एवढ्या सगळ्या मिळून जुन्या डिस्कच्या एका कोपऱ्यात मावतील.

होस्टिंगवाल्यांच्या करारात काय लिहिलेलं असतं ते एकदा शेवटपर्यंत वाचावं, अशी माझी या प्रशिक्षकांना विनंती आहे. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगच्या बहुतेक करारांत, बॅकअप आम्ही घेतो पण त्याची जबाबदारी ग्राहकाची, अशा अर्थाचं कलम कुठे तरी खाली असतंच. ज्याने जबाबदारी लेखी नाकारलीय, त्याच्या भरवशावर आपण जुनं मशीन भंगारात द्यायचं.

आणि नकलेवाचून मजकूर टिकत नाही, हे नेसरीकरांना तरी वेगळं सांगायला नको. प्रतापरावांच्या लढाईबद्दल जे काही लेखी हाती आहे, त्यात कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजीला लिहिलेली बखर महत्त्वाची. आपण ती वाचतो ती पुढच्या लोकांनी उतरून घेतलेल्या नकलांवरून छापलेली. नक्कल करणारे कारकून काही नामांकित नव्हते आणि त्यांच्या बोरूला कुणी नव्या मॉडेलचा शिक्का मारला नव्हता. उलट त्या लढाईत प्रतापरावांबरोबर पडलेल्या सहा स्वारांच्या नावांवर आजही अभ्यासकांचं एकमत नाही, कारण त्या बाबतीत नकला तर सोडाच, भक्कम मूळ कागदच हाती नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. जुन्या मशीनवर जुनं विंडोज असतं. विंडोज 7 चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला काढून घेतला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. असं मशीन इंटरनेटला जोडायचं म्हणजे खंडणीखोर व्हायरसला दार उघडं ठेवायचं, असं ते म्हणतात. बरोबर म्हणतात. 2017 च्या वॉनाक्रायने न सुधारलेल्या विंडोज मशीनांची जगभर काय दशा केली ते सगळ्यांनी बघितलं. पण यातून निघणारा निष्कर्ष मशीन बदला हा नाही, विंडोज बदला हा आहे. बॅकअपच्या मशीनला ना टॅली लागतं ना व्हॉट्सअॅप. त्यावर डेबियन लिनक्स टाका. अगदी 32 बिटवालं मशीन असेल तर आता खरंच अडचण आहे, कारण ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने अशा मशीनांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. तेवढ्यापुरता मी हरलो. पण 2010 नंतर विकत घेतलेले बहुतेक डेस्कटॉप 64 बिट आहेत, फक्त त्यावर कुणी तरी 32 बिट विंडोज चढवून ठेवलेलं असतं.

शिवाय दिशा नीट ठरवली तर हेच मशीन जास्त सुरक्षित होतं. डेअरीच्या चालू कॉम्प्युटरकडे बॅकअप मशीनचा पासवर्ड असता कामा नये. बॅकअप मशीनने येऊन डेटा न्यावा आणि पुन्हा स्वतःचं दार लावावं. मग चालू कॉम्प्युटरला रोग लागला तरी त्याला पलीकडच्या नकलांपर्यंत पोचायचा रस्ताच नसतो. रोज संध्याकाळी यूएसबीला लटकत राहणाऱ्या पेन ड्राइव्हबद्दल हे म्हणता येईल का? खंडणीखोर व्हायरस आधी डी ड्राइव्ह कुलूपबंद करतो, मग ई, मग तो पेन ड्राइव्ह.

पेन ड्राइव्हच्या भक्तांना यापेक्षा जास्त जागा देत नाही. तो सचिवाच्या खिशात असतो, खिसा धुलाईत जातो, आणि शनिवारी संस्थेत लग्नाची पत्रिका वाटायला आलेला पाहुणा तोच ड्राइव्ह मागून गाणी भरून नेतो.

डिस्कबद्दल मात्र विरोधकांशी थोडं जुळतं. दहा वर्षं फिरलेली यांत्रिक डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. ती बदलून छोटी एसएसडी बसवावी. नव्या कॉम्प्युटरच्या पैशांपुढे तो खर्च किरकोळ आहे. आणि एवढं करूनही तीच एक नक्कल पुरे मानू नये. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब इथे चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. गावाबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवा की! मी क्लाउडला बंदी घालत नाही, त्याला एकट्याला पाटीलकी देऊ नका म्हणतो.

तिसऱ्या दाव्याचं उरलंय ते सगळ्यात कळीचं. आपोआप बॅकअप चालतो की नाही हे कळायचं कसं? फोल्डरमध्ये फाइल दिसली म्हणून बॅकअप झाला असं होत नाही. डम्पचा मजकूर फाइलीत वळवायला सांगितलं की फाइल आधी तयार होते, डम्प नंतर सुरू होतो. पासवर्ड चुकला, डम्प पहिल्याच पावलाला पडला, तरी आजच्या तारखेची फाइल तिथे हजर असते, शून्य बाइटची. जीझिपमधून दाबून ठेवत असाल तर शून्यही दिसत नाही, बरोबर 20 बाइट दिसतात, कारण रिकामा डबासुद्धा जीझिप झाकण लावून देतो. नावं आणि तारखा बघून खूश होणाऱ्याला हे वर्षभर कळणार नाही. आकार बघायचा. कालच्यापेक्षा आज किंचित जास्त, परवापेक्षा काल किंचित जास्त, असा तो वाढत गेला पाहिजे, कारण दूध रोज येतं. मायएसक्यूएलचा डम्प नीट संपला असेल तर त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत "डम्प कम्प्लीटेड" असं तारखेसह लिहिलेलं असतं. ती ओळ आहे का हे बघणं एका ओळीच्या स्क्रिप्टचं काम आहे, आणि नसेल तर मशीनने सकाळी पडद्यावर लाल अक्षरांत ते दाखवावं. ईमेल नको. गिटलॅबची ईमेल कुठे गेली ते आपण पाहिलं.

तरीही आकार आणि ओळ या नुसत्या खाणाखुणा झाल्या. नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून, तिच्यातून बिल काढून बघितल्याशिवाय ती बॅकअप आहे असं म्हणायला मी तयार नाही. आणि इथे जुन्या मशीनच्या बाजूचा माझा सगळ्यात मोठा पुरावा येतो. हे करून बघायला दुसरं मशीन लागतं. चालू कॉम्प्युटरवर परत भरून बघायची कुणाची हिंमत होणार? जिवंत डेटावर जुना डेटा ओतला गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभ्या असलेल्या तीनशे माणसांना काय सांगणार? भंगारात काढलेला कॉम्प्युटरच ही तालीम करायला मोकळा असतो. तो विकून तुम्ही हजारभर रुपये मिळवता आणि त्यासोबत तालमीची जागा घालवता.

तालीम करायची कुणी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा संचालक असतो. सचिवावर टाकू नका. तो पहाटे पाचला उठतो. सहकार कायद्याप्रमाणे संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नफा-तोट्याचं पत्रक वाचून झालं, लाभांशाचा विषय संपला, "आयत्या वेळचे विषय" आले की एखाद्या सभासदाने उठून म्हणावं: चेअरमनसाहेब, त्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कालचा बॅकअप उघडा आणि माझं मागच्या श्रावणातलं दुसऱ्या दहा दिवसांचं बिल छापून दाखवा. पावती माझ्या खिशात आहे, ताडून बघू.